जमिनीत जायचं, तर कोरायचं कशाला?

प्रश्न : प्राचीन चीनमधल्या दगडी शवपेट्यांची छायाचित्रं पाहिली. चारही बाजूंनी कोरीवकाम, त्यात देवता, रथ, वाघ, साप. पण पेटी शेवटी जमिनीतच जायची ना? मग जे कुणी पाहणार नाही त्यावर एवढी मेहनत आणि पैसा कशाला? श्रीमंती मिरवायची तर जमिनीवर मिरवावी. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : जमिनीवर मिरवावी हे त्या काळच्या चिनी माणसांना चांगलंच ठाऊक होतं आणि ते जमिनीवरही मनसोक्त मिरवत होते. शानदोंग प्रांतात ज्याश्यांग इथं वू घराण्याची दफनभूमी आहे. तिच्या वाटेवर दगडी मनोऱ्यांची जोडी आहे. इ.स. 147 मध्ये चार भावांनी ती उभारली आणि तिथंच दगडावर हिशोबही कोरून ठेवला : मनोऱ्यांना 1,50,000 नाणी, सिंहांना 40,000. कोणत्या पाथरवटानं काय घडवलं तेही लिहिलं आहे. आईवडिलांच्या नावानं बांधलेल्या स्मारकावर खर्चाचा आकडा लिहिताना कुणाला संकोच वाटलेला दिसत नाही.

हा हान राजवटीचा काळ. इ.स.पूर्व 206 ते इ.स. 220, मधली काही वर्षं सोडली तर सलग. तुम्ही पाहिलेल्या पेट्या बहुधा या राजवटीच्या अखेरच्या दीडदोनशे वर्षांतल्या आणि नैर्ऋत्येकडच्या सिच्वान प्रांतातल्या असाव्यात, कारण चारही बाजूंनी कोरलेल्या पेट्यांची त्या काळातली मोठी परंपरा तिथलीच.

आता मुख्य मुद्दा. ‘पेटी मातीत गाडायची’ हे चित्रच आधी बदलायला हवं. सिच्वानमध्ये नद्यांच्या काठी तांबूस वालुकाश्माचे उभे कडे आहेत. दगड मऊ, टाकीला सहज दाद देणारा. या कड्यांच्या पोटात लोकांनी आडवी थडगी खोदली : दार, पुढची ओसरी, आत लांबट दालनं, बाजूला कोनाडे, कुठं दगडातच कोरलेली चूल. पेटी अशा दालनात ठेवलेली असे, तिच्यावर माती लोटलेली नसे. काही ठिकाणी तर ती वेगळी आणलेलीच नाही, कड्याच्या मूळ दगडातून जागच्या जागी कोरून काढली आहे. शिवाय ही कुटुंबाची थडगी होती. आज आजोबा, काही वर्षांनी आजी, पुढे मुलगा, सून. दर वेळी दार उघडायचं, माणसं आत जायची, आधीच्या पेट्या समोर दिसायच्या. ‘कुणी पाहणार नाही’ हे तिथं लागूच होत नाही.

थडगं बंद होण्याआधी बाहेरचे लोकही ते पाहायला येत, याचा पुरावा शान्शी प्रांतातल्या श्युन्यी इथल्या एका थडग्यात सापडला. हे दगडी शिल्पांचं नाही, भित्तिचित्रांचं थडगं आहे, पण काळ तोच, हान राजवटीची अखेर. आत जाण्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना सूचना रंगवली आहे : ज्यांना चित्रं पाहायची असतील त्यांनी पायातलं काढून मगच आत यावं. ही सूचना मृतासाठी नाही, हे उघड आहे. घरच्यांनी गावाला बोलावलं होतं, गर्दी अपेक्षित होती आणि नव्या कामावर चिखलाचे पाय उमटू नयेत एवढी काळजी होती.

जमिनीवरच्या स्मारकमंदिरांत हा सूर आणखी स्पष्ट ऐकू येतो. थडग्यापुढे छोटं दगडी मंदिर बांधून तिथं मृताला नैवेद्य दाखवायची रीत होती. ज्याश्यांगजवळच सोंगशान इथं आन ग्वो नावाच्या माणसाच्या अशा मंदिराचा इ.स. 157 चा लांबलचक लेख मिळाला आहे. पाथरवटांची नावं, कामाचं वर्णन, किंमत 27,000 नाणी, सगळं त्यात आहे. शेवटी पाहायला येणाऱ्यांना विनवणी आहे. गुराख्यांच्या पोरांनाही थेट सांगितलं आहे : तुम्ही चांगल्या घरची मुलं आहात, आत या, बघा, पण भिंतीवर रेघोट्या ओढू नका. ही भीती खोटी नव्हती. शानदोंगमधल्याच श्याओथांगशानच्या स्मारकमंदिरावर इ.स. 129 मध्ये आलेल्या एका पाहुण्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. आज अभ्यासक त्याचे आभार मानतात, कारण मंदिर त्याआधीचं आहे हे त्याच्यामुळे ठरतं. किल्ल्यांच्या तटावर नावं खरवडणाऱ्यांनी मात्र यातून स्फूर्ती घेऊ नये.

एवढ्या सगळ्या मिरवण्याला कारण होतं. इ.स.पूर्व 134 पासून सरकारी नोकरीसाठी ‘मातृपितृभक्त आणि सचोटीचा’ म्हणून जिल्ह्यातून शिफारस होण्याची पद्धत सुरू झाली होती. भक्ती मोजायची कशी? अंत्यविधी सगळ्यांना दिसतो. मग आईवडिलांचं थडगं हीच मुलाची लायकी होऊन बसली. दुसऱ्या शतकातला विचारवंत वांग फू यावर चिडून लिहितो की लोक आईबाप जिवंत असताना हात आखडता घेतात आणि मेल्यावर उधळपट्टी करतात. त्याच शतकातल्या छुई शी या विद्वानानं वडिलांच्या थडग्यासाठी आणि शिलालेखासाठी जमीन आणि घर विकलं. विधी आटोपल्यावर हातात काही उरलं नाही. राजकारणावर आणि शेतीच्या वेळापत्रकावर ग्रंथ लिहिणारा हा माणूस पोटासाठी दारू गाळून विकू लागला. दगडी शवपेटीवरची टीका तर त्याहून जुनी आहे. कन्फ्यूशियसच्या काळी सोंग राज्यातल्या एका सरदारानं स्वतःसाठी दगडी पेटी करायला घेतली आणि तीन वर्षं झाली तरी ती पुरी होईना. त्यापेक्षा प्रेत लवकर कुजलेलं बरं, अशा अर्थाचा शेरा गुरूंनी मारल्याचं प्राचीन विधिग्रंथात नोंदलेलं आहे.

एवढ्यावर थांबलो तर मात्र अर्धंच उत्तर होईल. सगळा लोकांना दाखवायचाच मामला असता, तर मावांगदुईचं काय करायचं? हुनान प्रांतात छांगशाजवळ 1972 मध्ये दाई संस्थानच्या राणीचं, शिन झुईचं थडगं उघडलं. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातलं. तिच्या पेट्या लाकडी, लाखेनं रंगवलेल्या आणि एकात एक अशा चार. सर्वांत बाहेरची साधी काळी. दुसरीवर काळ्या जमिनीवर ढग आणि त्यांत बागडणारे विचित्र जीव, तिसरी लाल, तिच्यावर ड्रॅगन. सर्वांत आतली पिसांनी आणि रेशमानं मढवलेली. म्हणजे पेटीत पेटी सरकवली की उत्तमातलं उत्तम काम झाकलं जाणार, हे कारागिराला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. या सगळ्याभोवती कोळशाचा आणि पांढऱ्या चिकणमातीचा थर. ही चित्रं आत झोपलेल्या बाईसाठीच होती. दुसरं स्पष्टीकरण मला तरी पटत नाही.

पेटी म्हणजे मृताचं घर, ही कल्पना दगडापेक्षा पुष्कळ जुनी आहे. इ.स.पूर्व 433 च्या सुमाराला वारलेल्या झेंग राज्याच्या यी या सरदाराच्या आतल्या लाकडी पेटीवर दारं-खिडक्या रंगवल्या आहेत आणि शस्त्रधारी पहारेकरी उभे आहेत. बाहेरच्या पेटीला तर खालच्या बाजूला खरंच एक चौकोनी भोक ठेवलं आहे. आत्म्याला जायला-यायला वाट.

सहाशे वर्षांनी सिच्वानच्या पाथरवटांनी हीच वाट दगडात कोरली. लुशान इथली वांग हुईची पेटी बघा, या सगळ्या पेट्यांत मला ती सर्वांत आवडते. लांबी सुमारे अडीच मीटर. दोन लांब बाजूंना ड्रॅगन आणि वाघ, म्हणजे पूर्व आणि पश्चिम. मागे कासवाला विळखा घातलेला साप, म्हणजे उत्तर. दर्शनी बाजूला दोन फळ्यांचं दार. एका फळीवर लेख आहे. दुसरी फळी अर्धवट उघडी आणि तिच्याआडून पंख असलेली एक कोवळी आकृती डोकावते आहे. ती बाहेर येते आहे, की आत बोलावते आहे, की आता दार लावून घेणार आहे? कोरणाऱ्यानं ते ठरवलेलं नाही आणि म्हणूनच ते दार पुन्हापुन्हा पाहावंसं वाटतं. हे अर्धं उघडं दार पुढे अनेक शतकं चिनी थडग्यांतून दिसत राहतं.

लेखावरून कळतं की वांग हुई इ.स. 211 मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी सहाव्या महिन्यात त्याला पेटीत ठेवलं. त्याची नोकरी होती जिल्ह्याचे वार्षिक हिशोब वरच्या कचेरीत नेण्याची. त्याच्या पेटीवर मृत्यूचा महिना आणि दफनाचा दिवस चोख नोंदलेला असावा, हे त्याच्या पेशाला साजेसंच झालं.

हान लोकांची परलोकाची कल्पनाही अशीच कचेरीच्या वळणाची होती. मावांगदुईच्याच तिसऱ्या थडग्यात एक लाकडी पाटी मिळाली. ती पाताळातल्या अधिकाऱ्याला उद्देशून आहे : सोबत पाठवलेल्या वस्तूंची यादी जोडली आहे, पोच घ्यावी आणि पुढे पाठवावी. तारीख इ.स.पूर्व 168 ची. त्या थडग्याचा काळ ठरला तो याच कागदोपत्री सवयीमुळे. सिच्वानमधल्या ज्यानयांगच्या एका पेटीवर प्रत्येक चित्राशेजारी नाव कोरलं आहे : हे स्वर्गाचं द्वार, हे धान्याचं मोठं कोठार, हे सूर्य-चंद्र, हे पुराणकथेतलं जोडपं फूशी आणि न्यूवा, हे सोंगट्या खेळणारे अमर. नवख्या गावात उतरलेल्या माणसाला कुठं वळायचं ते कळावं म्हणून लावलेल्या पाट्याच त्या. स्वर्गाच्या दाराइतकंच धान्याचं कोठारही ठळक दाखवलं आहे, हे मला फार प्रामाणिक वाटतं. अमर होऊनही भूक लागणारच.

या स्वर्गाची मालकीण अनेक पेट्यांवर भेटते : पश्चिमेची राजमाता. ड्रॅगन आणि वाघ यांच्या आसनावर बसलेली, भोवती नऊ शेपट्यांचा कोल्हा, तीन पायांचा कावळा, बेडूक, अमृताची वनस्पती कुटणारा ससा. ती नुसती पोथीतली देवता नव्हती. इ.स.पूर्व 3 मध्ये दुष्काळात हजारो लोक तिच्या नावानं हातात गवताच्या काड्या घेऊन रस्त्यावर आले, एकमेकांना काड्या देत राजधानीपर्यंत पोहोचले, असं दरबारी इतिहासात नोंदलं आहे.

तेव्हा कोल्हापूरच्या वाचकांना थोडक्यात एवढंच : कोरीवकाम दोघांसाठी होतं. दार बंद होईपर्यंत गावासाठी, दार बंद झाल्यावर आतल्या माणसासाठी. पाथरवटाला मात्र दोन्ही वेळचं काम एकाच मजुरीत करावं लागे. त्यामुळे ठरावीक नमुने असत आणि तीच चित्रं पेटीमागून पेटीवर उतरत. काही पेट्यांवरचं काम उत्कृष्ट आहे, काहींवर वाघ कुठला आणि ड्रॅगन कुठला ते शेपटीवरून ओळखावं लागतं.

प्रश्न : वू लियांगच्या स्मारकमंदिरातल्या एका शिल्पात खांबात घुसलेला खंजीर दिसतो. मृताच्या स्मरणार्थ बांधलेल्या जागी खुनाचा प्रसंग कसा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खुनाचा नाही, फसलेल्या खुनाचा. इ.स.पूर्व 227 मध्ये यान राज्याच्या राजपुत्रानं जिंग के याला छिनच्या राजाला मारायला पाठवलं. हाच राजा पुढे चीनचा पहिला सम्राट झाला. जिंग केनं भेटीला दोन वस्तू नेल्या : छिनमधून पळालेल्या सेनापतीचं शिर, जे त्या सेनापतीनं स्वखुशीनं दिलं होतं, आणि एका प्रदेशाचा गुंडाळलेला नकाशा. नकाशा उलगडत गेला आणि शेवटी आतला खंजीर उघडा पडला. जिंग केनं राजाची बाही धरली, ती फाटली. दरबारात कुणाला शस्त्र नेण्याची परवानगी नव्हती, राजाची स्वतःची तलवार इतकी लांब की म्यानातून निघेना. राजा खांबाभोवती पळतो आहे, जिंग के मागे, आणि राजवैद्य हातातली औषधांची पिशवी फेकून मारतो आहे. शेवटी खंजीर फेकला गेला तो खांबात रुतला.

वू लियांगच्या भिंतीवर हा सगळा गोंधळ एका चौकटीत बसवला आहे. खांबात आरपार खंजीर, हवेत तरंगणारा बाहीचा तुकडा, जमिनीवर शिराची उघडी पेटी, भीतीनं पालथा पडलेला जिंग केचा जोडीदार. ज्याश्यांगच्या त्याच वू घराण्यातला वू लियांग इ.स. 151 मध्ये 74 व्या वर्षी वारला. तो विद्वान होता आणि त्यानं सरकारी नोकरी नाकारली होती. त्याच्या मंदिरातला श्या घराण्याचा शेवटचा दुष्ट राजा चक्क बायकांच्या पाठीवर बसलेला दाखवला आहे. अशा माणसाच्या स्मारकात जुलमी राजावर उठलेला हात असावा, यात मला नवल वाटत नाही. मात्र जिंग के सिच्वानच्या कड्यांतल्या थडग्यांतही भेटतो, म्हणजे प्रसंग लोकप्रियही होता. चांगली गोष्ट कुठंही खपते.

या शिल्पांचं नशीब असं की बाराव्या शतकाच्या सुमाराला झाओ मिंगचेंग यानं त्यांवरचे लेख नोंदवून ठेवले. कवयित्री ली छिंगझाओचा हा नवरा. दोघं मिळून जुन्या लेखांचे ठसे जमवत. पुढे पुराच्या गाळात दगड गाडले गेले. 1786 मध्ये ह्वांग यी नावाच्या अधिकाऱ्यानं ते पुन्हा शोधले आणि वर्गणी काढून त्यांच्यावर छप्पर उभारलं.

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत गेलो असता कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात कोरीव चिनी शवपेटीच्या बाजू पाहिल्या. त्यांवर एक मुलगा आणि म्हातारा असा प्रसंग आहे. काय आहे तो? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तो युआन गूचा प्रसंग असणार, आणि तुम्हाला तो लहानपणापासून माहीत आहे. वडील म्हाताऱ्या आजोबांना कंटाळले, डोलीत घालून डोंगरात सोडून आले. नातू रिकामी डोली उचलून घरी घेऊन आला. कशाला आणलीस, म्हणून विचारल्यावर म्हणाला, तुम्ही म्हातारे झालात की लागेल. आपल्याकडच्या गोष्टीत डोलीच्या जागी आजोबांची जेवणाची करवंटी असते, एवढाच फरक.

ही पेटी सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, उत्तर वेई राजवटीची. हान पेट्यांपेक्षा तिचं काम फार वेगळं आहे. माणसांमागे झाडं, खडक, डोंगर एकामागे एक सरकत जातात आणि रेषा इतकी बारीक की दगडावर कुंचला फिरवल्यासारखी. पितृभक्तीचे सहा प्रसंग दोन बाजूंवर आहेत. अशा पेट्या लुओयांगजवळच्या मांगशान टेकड्यांतून आल्या. तिथं राजघराण्यातल्या लोकांची थडगी दाटीवाटीनं आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चोरट्यांनी ती पोखरली. अर्धगोल पात्याचं, मातीचा नमुना वर आणणारं ‘लुओयांग फावडं’ त्यांच्याच कामाचं हत्यार. पुढे पुरातत्त्वज्ञांनीही ते उचललं. नेल्सन-ॲटकिन्सनं ही पेटी 1933 मध्ये घेतली. मिनियापोलिसच्या संग्रहालयात युआन मी या राजपुत्राची इ.स. 524 ची पेटी आहे. मुलाकडे पुन्हा गेलात तर जरूर पाहा.

प्रश्न : चीनमधल्या एका थडग्यात बुद्ध कोरलेला आहे असं वाचलं. खरं का? (एक वाचक, लोणावळा)

उत्तर : खरं आहे. सिच्वानमध्ये लेशानजवळ माहाओच्या कड्यातल्या थडग्यात दाराच्या वरच्या दगडावर बसलेला बुद्ध आहे. फुटाहून थोडा मोठा, डोक्यामागे प्रभावळ, उजवा हात अभयमुद्रेत. काळ दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. चीनमधल्या सर्वांत जुन्या बुद्धमूर्तींपैकी ही एक. पण ते थडगं बौद्धांचं असेल असं मला वाटत नाही. बाकी चित्रं नेहमीचीच आहेत, त्यांत जिंग केसुद्धा. पश्चिमेकडून आलेला, मरणावर उपाय असलेला आणखी एक देव, अशाच भावनेनं त्याला दारावर बसवलं असावं.

तुम्ही लोणावळ्याचे, म्हणून एक गंमत सांगतो. कार्ल्याचं मोठं चैत्यगृह साधारण त्याच काळातलं, पहिल्या-दुसऱ्या शतकातलं. ते कोरलं तेव्हा तिथं बुद्धाची मूर्ती नव्हती, पूजा स्तूपाची होती. आज दर्शनी भागात दिसणाऱ्या बुद्धमूर्ती काही शतकांनी कोरल्या. म्हणजे कार्ल्याच्या चैत्यात बुद्धरूप येण्याआधीच सिच्वानमधल्या एका कुटुंबानं ते आपल्या थडग्याच्या दारावर चढवलं होतं.

प्रश्न : चिनी शवपेटीवर शाप कोरलेला असतो हे खरं का? तो फळतो का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सगळ्यांवर नाही. शीआनमध्ये 1957 साली सापडलेल्या एका पेटीवर आहे : उघडेल तो मरेल. पेटी ली जिंगश्युन या नऊ वर्षांच्या मुलीची, इ.स. 608 ची. स्वे घराण्याच्या पहिल्या सम्राटाची मुलगी ही तिची आजी, आणि नातीला तिनंच वाढवलं होतं. पेटी कौलारू घरासारखी, दार आणि खिडक्यांसह. आत सोन्यामोत्यांचा हार होता. पुरातत्त्वज्ञांनी पेटी उघडली, हार बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवला. थडगं साडेतेराशे वर्षं चोरांपासून वाचलं हे खरं, पण ते राजधानीत, भिक्षुणींच्या मठाच्या आवारात होतं आणि वर मजली इमारत बांधली होती. मला शापापेक्षा त्या इमारतीचं श्रेय जास्त वाटतं.

प्रश्न : हे सगळं पाहायला चीनला कुठं जावं? (तेच वाचक)

उत्तर : ली जिंगश्युनची पेटी शीआनच्या बेइलिन, म्हणजे शिलालेखांच्या संग्रहालयात आहे. वांग हुईची पेटी लुशानमध्येच. चेंगदूच्या सिच्वान संग्रहालयात हान काळातल्या दगडी शिल्पांचा मोठा साठा आहे. माहाओची थडगी लेशानच्या 71 मीटर उंच बुद्धापासून जवळच आहेत, तरी बहुतेक पर्यटक तो प्रचंड बुद्ध पाहून परततात. एक सूचना : हे उठाव फार उथळ असतात, समोरून प्रकाश पडला की काही दिसत नाही. शक्य झालं तर आधी त्यांचे कागदावर घेतलेले शाईचे ठसे पाहून घ्या आणि मग दगडापाशी बाजूनं उभे राहा.